तुम्ही विचारलंत म्हणून: एका दगडामागे एवढं काय लिहिता?

माझा संग्रह पाहायला आलेले लोक एखादा अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या एका सागरी प्राण्याचे दगड झालेले कवच, हातात घेतात, त्याच्या वेटोळ्यांवरून बोट फिरवतात आणि मग शेजारच्या वह्यांकडे पाहून हमखास विचारतात, की एवढ्याशा दगडामागे इतके लिहिण्यासारखे असते तरी काय? या प्रश्नाला मी आजवर दोन वाक्यांत उत्तर देत आले आणि दर वेळी ते मलाच अपुरे वाटले, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

अमोनाइट दिसतो शंखासारखा, पण नाते सांगतो माकूळ आणि ऑक्टोपस यांच्याशी. त्याचे कवच आतून पडद्यांनी विभागलेले असे. प्राणी स्वतः सर्वांत बाहेरच्या, मोठ्या कप्प्यात राही आणि मागचे रिकामे कप्पे त्याला पाण्यात तोलून धरत. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीपासून साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या जुरासिक समुद्रांत हे प्राणी विपुल होते, दूरवर पसरलेले होते आणि त्यांच्या जाती झपाट्याने बदलत होत्या. एक जात येई, थोडा काळ टिके आणि तिच्या जागी दुसरी दिसू लागे. जर्मन भूशास्त्रज्ञ आल्बर्ट ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात, म्हणजे वयाच्या पंचविशीच्या आसपास, इंग्लंड, फ्रान्स आणि नैऋत्य जर्मनी येथील जुरासिक खडकांची जुळणी याच आधारावर केली. कोणती जात कोणत्या थरात सापडते आणि तिच्या वर-खाली कोणत्या जाती असतात, हे त्यांनी जागोजागच्या खडकांत ताडून पाहिले. आज अमोनाइटांवरून आखलेला जुरासिकचा एकेक विभाग सरासरी दहा लाख वर्षांहूनही कमी काळाचा भरतो. इतक्या जुन्या खडकांत एवढा बारकावा हाती यावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

हा सारा डोलारा थरांच्या नोंदींवर उभा आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चारमथ येथे समुद्र कडे पोखरत असतो, दरडी कोसळतात, लाटा चिखल धुऊन नेतात आणि गोट्यांमध्ये सोनेरी झाक असलेले छोटे अमोनाइट उरतात. कड्यात खणण्याची तिथे मुभा नाही आणि ते धोक्याचेही आहे. ओहोटी लागल्यावर खाली पडलेले तेवढे वेचायचे. असा सैल अमोनाइट वरच्या थरातून आला की खालच्या, हे तो पडलेल्या जागेवरून ठरवता येत नाही. पण त्याच जातीचा अमोनाइट पूर्वी कोणीतरी प्रत्यक्ष थरात पाहिला आणि तो थर लिहून ठेवला, म्हणून माझ्या हातातल्या सैल दगडाचाही काळ मला सांगता येतो. आपल्याकडे पूजेत असलेल्या शाळिग्रामाचेही तसेच आहे. काळी गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या त्या काळ्या गोट्यांपैकी अनेकांतले चक्र म्हणजे जुरासिक अमोनाइटचा ठसा असतो. नदीने तो मूळ थरापासून तोडलेला असतो आणि तरीही त्याची ओळख पटते, ती हिमालयातल्या खडकांत थरावार केलेल्या नोंदींमुळे. म्हणून मी वहीत पहिला शब्द लिहिते तो ‘सैल’ किंवा ‘थरात’. थर नक्की माहीत नसेल, तर अंदाजाने नाव न घालता ‘थर अज्ञात’ असेच लिहिते, कारण चुकीचा थर लिहिण्यापेक्षा जागा कोरी राहिलेली मला चालते.

नोंद का हवी, याचे माझे आवडते उदाहरण वेगळेच आहे. कित्येक जुरासिक थरांत एक मोठा अमोनाइट आणि एक लहान, तोंडाशी दोन्ही बाजूंना कानासारखे पुढे आलेले पट्टे असलेला अमोनाइट सोबतीने सापडतात. त्यांना दीर्घकाळ निरनिराळी नावे दिली गेली होती. १९६२ मध्ये पोलंडचे हेन्रिक माकोव्स्की आणि १९६३ मध्ये ब्रिटनचे जॉन कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की अशा जोड्या एकाच जातीतल्या नर-मादीच्या असाव्यात. लहान अमोनाइट म्हणजे मोठ्याचे पिल्लू नव्हे, हे त्याच्या शेवटच्या पडद्यांवरून कळते: वाढ पुरी होत आली की पडदे एकमेकांच्या जवळजवळ येतात. दोघांची आतली वेटोळी सारखी असतात. आणि दोघे एकाच काळचे आहेत हे कशावरून, तर एकाच थरातून निघाले म्हणून. ज्या संग्रहात सुंदर नमुने होते पण थर लिहिलेले नव्हते, तिथे ही जोडी शेजारी ठेवूनही कोणाला सिद्ध करता आली नसती.

कच्छमधील जुरासिक अमोनाइटांचे वर्णन विल्यम वागेन यांनी १८७३ ते १८७५ या वर्षांत प्रसिद्ध केले आणि एल. एफ. स्पाथ यांनी १९२७ ते १९३३ या काळात त्या साऱ्याची फेरतपासणी केली. मध्ये अर्धे शतक गेले होते. इतक्या वर्षांनी नमुना तपासणाऱ्याच्या हाती दगड आणि त्याच्यासोबत ठेवलेली नोंदीची चिठ्ठी एवढेच असते; वेचणाऱ्याला काय आठवत होते, ते त्याच्याबरोबर गेलेले असते.

चिठ्ठीवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, हे मी नुकसान सोसून शिकले. चारमथचे ते सोनेरी अमोनाइट पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या खनिजाचे असतात. प्राणवायू कमी असलेल्या चिखलात जिवाणूंच्या क्रियेमुळे ते खनिज कवचाच्या कप्प्यांत भरत गेलेले असते. हवेतला ओलावा लागला की ते विघटू लागते आणि त्यातून गंधकाम्ल तयार होते. माझा पहिला अमोनाइट मी कापसात गुंडाळून, चिठ्ठीसह एका डबीत ठेवला आणि एक पावसाळा ती उघडलीच नाही. उघडली तेव्हा गंधकाचा उग्र वास आला. अमोनाइटच्या जागी करडी-पिवळट भुकटी होती आणि आम्लाने चिठ्ठी तपकिरी होऊन तिचे तुकडे पडले होते. तेव्हा मी वही ठेवत नव्हते. ठिकाण आठवते, पण तो कोणत्या दिवशी, कड्याच्या कोणत्या भागाखाली आणि कशाच्या सोबतीने मिळाला, हे मला आता कशावरूनही सांगता येणार नाही.

तेव्हापासून प्रत्येक अमोनाइट गोड्या पाण्यात मुरवून मीठ काढते, पूर्ण वाळवते आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवते. दगडावर नजरेआड राहील अशा जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक घालते, तोच क्रमांक चिठ्ठीवर आणि तोच वहीत. वही निराळ्या कपाटात असते. त्या भुकटीची डबीही मी टाकलेली नाही. तिला क्रमांक एक दिला आहे आणि वहीत तिच्यापुढे लिहिले आहे, ‘चारमथ, सैल, थर अज्ञात, जात आता ओळखता येत नाही.’