काकूच्या बांगड्या

मी लंडनला व्हीएफएक्स, म्हणजे सिनेमातली कॉम्प्युटरवरची करामत, शिकायला निघाले तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, ही आता राक्षस उडवणार, पूल पाडणार. सहा महिने झाले, अजून एक ठिणगीसुद्धा उडवलेली नाही. मी फक्त माणसं कापते. म्हणजे फ्रेममधल्या माणसाची कड आखून त्याला मागच्या दृश्यापासून सोडवते. याला रोटो म्हणतात, आणि नवशिक्याच्या पानात आधी हेच पडतं.

मे महिन्यात घरी बडोद्याला गेले होते. काकूचे गुडघे विमानप्रवासाला तयार नाहीत. म्हटलं, तुला थेम्सच्या काठी मीच उभी करते. गच्चीवर हिरवी चादर ताणली आणि सहा सेकंदांचं शूट केलं. हिरवीच का, तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे पिक्सेल लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, शिवाय आपल्या कातडीत हिरवा फारसा नसतो.

इथे लंडनला परतून न्यूक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवा काढला. चादर गेली, आणि काकूच्या हातातला चुडाही गेला! मनगटांतून थेम्स वाहायला लागली. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर काकू ओरडलीच, "अगं, बांगड्या वाढवल्यास की माझ्या! काका इथे धडधाकट बसलेत!"

मग तीन रात्री त्या दोन मनगटांवर. सेकंदाला 24 म्हणजे एकूण 144 फ्रेम. मी येडीने प्रत्येक फ्रेमवर नव्याने कड आखली. चालवून पाहिलं तर मनगटं उकळत्या आमटीसारखी खदखदत होती. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, हात जिथे दिशा बदलतो तिथेच आकार बसव, मधलं कॉम्प्युटर भरेल. बांगड्या परत आल्या, पण विटलेल्या. गालावरची चादरीची हिरवी झाक काढताना त्यांचाही रंग उतरला होता. मग त्याच आकाराच्या आत मूळ रंग पुन्हा आणला.

कंटाळा आला की दादासाहेब फाळके आठवतात. ते आमच्या घराजवळच्या कलाभवनात शिकलेले, आणि 1912 मध्ये सिनेमा शिकायला लंडनलाच आले होते. दोनेक महिन्यांत कॅमेरा खरेदी करून परतले आणि वाटाण्याचा अंकुर एकेक फ्रेम करत टिपत बसले. त्यांच्याकडे तर अनडूसुद्धा नव्हतं.

शनिवारी क्लिप पाठवली. काकूने आधी बांगड्या मोजल्या. मग म्हणाली, "नदीवर ढग आणि माझ्या डोक्यावर वैशाखातलं ऊन, हे कसं गं?"

सोमवारी बाईंचा शेराही हाच आला.