केळीचा चीक आणि भिजवायची पावडर

घड कापताना देठातून पाण्यासारखा चीक टपकतो. सदऱ्यावर पडला तेव्हा काहीच दिसत नाही, संध्याकाळी तांबूस, दोन धुण्यांनंतर काळपट. जळगावच्या रावेर-यावलकडे कापणीचे कपडे उगाच वेगळे नसतात.

चिकातली टॅनिनसारखी द्रव्यं हवेनं तपकिरी होतात, कोयत्याचं लोखंड लागलं की काळी. धुण्याची एन्झाइमची पावडर, म्हणजे डागातली द्रव्यं तोडणारी प्रथिनं घातलेली, इथे हरते. तिचं काम मुळात वेगळं. जर्मनीत ओटो र्‍योम यांनी १९१३ मध्ये स्वादुपिंडातल्या एन्झाइमचं पेटंट घेतलं, त्यावरून ‘बर्नुस’ ही भिजवायची पावडर आली: सोडा आणि ट्रिप्सिन, म्हणजे तेच स्वादुपिंडातलं एन्झाइम. सोड्यात ते एन्झाइम फार टिकत नसे. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘बायो ४०’ या पावडरीत जिवाणूंपासून काढलेलं, तग धरणारं प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आलं. साठच्या दशकाच्या शेवटी त्याच्या धुळीनं कारखान्यांतल्या कामगारांना दमा जडू लागला, मग एन्झाइम आवरणाच्या दाण्यांत भरलं जाऊ लागलं. हे प्रोटिएज रक्त, दूध, घाम तोडतं. टॅनिन त्याच्या खात्यात नाही.

चिकाचा डाग घालवायला ऑक्सिजन सोडणारी पावडर हवी. ‘पर्सिल’ या जर्मन धुण्याच्या पावडरीत १९०७ मध्येच परबोरेट हे तसं द्रव्य घातलं होतं, पण त्याला पाणी खूप गरम लागे. आता सोडियम परकार्बोनेट आहे, ते पाण्यात पेरॉक्साइड सोडतं.

डाग काळा असेल तर आधी लोखंड काढा: लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, २० मिनिटं, मग नीट खळबळून घ्या. हे टाळलं तर लोखंडाजवळ पेरॉक्साइड झपाट्यानं फुटतं आणि कापडाला बारीक भोकं पडतात. मग प्लॅस्टिकच्या बादलीत निम्मं उकळतं, निम्मं नळाचं, असं ५ लिटर पाणी, त्यात दोन सपाट मोठे चमचे परकार्बोनेट. पांढरं सुती कापड ३-४ तास. रंगीत असेल तर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा. थंड पाण्यात घातलंत तर पावडर फुकट. उरलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावू नका, वायूनं बाटली फुगते. रेशीम-लोकर यात नकोच.

शेवभाजीच्या तेलकट डागावर आधी भांड्याचा साबण चोळा. हळद लाल झाली तरी घाबरू नका, क्षारानं तिचा रंग बदलतो. धुऊन उन्हात टाका, हळदीला ऊन सोसत नाही.