आराखड्यातली बोट पाण्यात चालते का?

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठच्या गावात पूरतयारीचं विचारलं की ग्रामपंचायत आराखड्याची फाइल पुढे करते. ती चाळण्यात वेळ घालवू नये. शेवटी फोन नंबरांचं पान असतं, तेवढं काढावं आणि तिथंच बसून एकेक नंबर लावावा. बदलून गेलेले साहेब किती, बंद सिम किती, ते लिहून ठेवावं. मग त्याच यादीतल्या पहिल्या दहा जणांपैकी रात्री गावात मुक्कामाला कोण असतं ते विचारावं. तलाठी, ग्रामसेवक बहुधा तालुक्याला राहतात, आणि पुरात पहिला बंद पडतो तो तालुक्याचाच रस्ता. त्यामुळे कोतवाल, पोलीस पाटील, पंचायतीचा शिपाई आणि आशाताई यांना नेमकं कोणतं काम वाटून दिलंय, यावर मी गावाची तयारी तपासताना निम्मे गुण ठेवतो.

पुढचा प्रश्न फुटांचा. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. हे आकडे काठावरच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात, पण गावाला लागतो तो त्यांचा गावातला अर्थ: आयर्विनला अमुक फूट झाले की आपल्याकडे कुठलं काय बुडतं. असा तक्ता पंचायतीच्या भिंतीवर आहे का? २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा विजेच्या खांबांवर, देवळाच्या पायऱ्यांवर रंगवल्यात का? नसतील तर जुनी माणसं हयात आहेत तोवर रंगवून घ्याव्यात.

हा तक्ता करताना हमखास होणारी चूक म्हणजे घरं धरून चालणं. नदीचं पाणी आधी ओढ्यातून मागे शिरतं. वस्तीच्या उंबऱ्याला पाणी लागायच्या कितीतरी आधी ओढ्यावरचा पूल पाण्याखाली जातो आणि कोरड्या घरातली माणसं अडकतात. म्हणून वस्ती हलवायची पातळी रस्त्यावरून ठरवायची. लोकांना हे पटवणं अवघड जातं, कारण निघायची वेळ येते तेव्हा अंगण कोरडं असतं.

आता बोट. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. त्यामुळे बोट आहे का, एवढं विचारून भागत नाही. लाइफ जॅकेटं मोजा. जितकी चांगली जॅकेटं, तितकीच माणसं. बोटीवर लिहिलेली क्षमता त्याहून कमी असेल तर तीच धरा. जॅकेटाचे पट्टे ओढून बघा, बकलं तुटलेली असतात. रबरी बोट हवा भरून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडली तर व्हॉल्व्ह किंवा जोड गळतोय. इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवा. कोरडं चालवलं तर पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा जळतो. गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल टाकीत तसंच असेल तर काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, कार्ब्युरेटर चिकटतो आणि ऐन वेळी दोरी ओढून हात दुखतात. बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांना ५०:१ मिश्रण लागतं, म्हणजे २० लिटरला ४०० मिली ऑइल. आपल्या इंजिनाचं माप पुस्तिकेत बघा. २५ हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण १० लिटर पितं. २०१९ ला महामार्ग बंद झाला तेव्हा कोल्हापुरात पेट्रोल मिळेना, त्यामुळे साठा गावातच आणि उंचावर हवा. चालवणारा नावाडी ठरलेला हवा, आणि त्याला द्राक्षबागेच्या तारा व विजेच्या वाहिन्या कुठून गेल्यात ते ठाऊक हवं. बुडालेल्या रानातून जाताना बोट ढकलणारा पंखा तारेत अडकतो.

पाणी वाढलं की महावितरण वीज तोडते. मग देवळावरचा भोंगा मुका, आणि टॉवरची बॅटरी उतरली की मोबाइलही. बॅटरीवरचा हातभोंगा आणि त्याचे जादा सेल, एवढीच मागणी आहे. महाग नाही, तरी दिसत नाही.

आशाताईंकडची यादी मे महिन्यात पुन्हा करून घ्यावी: जुलै ते सप्टेंबरात दिवस भरणाऱ्या बाया, डायलिसिसवाले, अंथरुणाला खिळलेले. यांना इशारा पातळीलाच हलवायचं.

माणसं हलत नाहीत ती जनावरांपायी. मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते २० किलो हिरवा चारा लागतो. शंभर जनावरांची छावणी म्हणजे रोज दीड-दोन टन. त्यात उसाचं रान पाण्याखाली, म्हणजे वाढे, उसाचे हिरवे शेंडेही नाहीत. चारा उंचावरच्या कोणत्या गावातून आणि कोणाच्या ट्रॅक्टरने येणार, हे आराखड्यात लिहिलेलं क्वचितच सापडतं.

गाव पाण्यात आणि प्यायला थेंब नाही, हे तर ठरलेलंच, कारण जॅकवेलची, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीची मोटर नदीकाठी असते. पूर ओसरल्यावर जलसुरक्षकाकडची टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर कामी येते. हजार लिटरला ५ ग्रॅम हे माप ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचं आहे. ओल लागून ती २० टक्क्यांखाली गेली की त्या मापाने भागत नाही, आणि पाण्यातला क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला पिवळा रंगच येत नाही. पोत्यावर उत्पादनाचा महिना वाचता येत नसेल, तर ते पोतं साठ्यात धरू नका.