फुगा, हट्ट आणि आईचं गप्प राहणं

आज संध्याकाळी सारसबागेबाहेर एक चारेक वर्षांचा मुलगा फुग्यासाठी फतकल मारून रडत होता. आजी म्हणाली, "घेऊन टाक गं, लोक बघतायत." आई उकिडवी बसली. "तुला फुगा हवाय, राग आलाय. पण आज फुगा नाही घ्यायचा." एवढंच बोलून ती जवळ बसून राहिली. तीन-चार मिनिटांत तो हुंदक्यांवर आला.

ते गप्प राहणं फार मोलाचं! रडणं टिपेला असताना समजावलेलं काही आत शिरत नाही, कारण आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग त्या वयात अगदी कच्चा असतो. म्हणून आधी भावनेला नाव द्यायचं, नकार एकदाच सांगायचा आणि शांत झाल्यावर दोन पर्याय द्यायचे: "चालत येतोस की कडेवर?" घोळ होतो तो पाचव्या मिनिटाला फुगा घेण्यात. जास्त वेळ रडलं की मिळतं, एवढंच मूल त्यातून शिकतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकत्वाच्या तीन पद्धती मांडल्या: नुसता धाक, नुसते लाड, आणि माया व शिस्त दोन्ही. तिसरीत मुलाला "का?" विचारता येतं. कारण ऐकता-सांगताना भाषाही वाढते आणि विचारही. धाकातलं मूल ऐकतं, पण बऱ्याचदा चूक लपवायलाही शिकतं.

घरातल्या बाकीच्यांना कळकळीची विनंती, एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याने गुपचूप फुगा आणू नका.