चुका पोटात घालणारं आयर्न ओळखायचं कसं

गोल्फच्या दुकानातल्या सिम्युलेटरवर हातात नवं सात नंबरचं आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब, देतात, दहा चेंडू मारून घेतात आणि त्यातला सगळ्यात लांबचा आकडा पडद्यावर दाखवतात. 165 यार्ड! जुन्या सातने जेमतेम 150 व्हायचे. वाढलेल्या या पंधरा यार्डांचं बरंचसं श्रेय लॉफ्टला, म्हणजे फेस (क्लबची चेंडूला भिडणारी बाजू) मागे किती कललेला आहे त्या कोनाला, जातं. टायटलिस्टच्या टी100 मध्ये सात नंबरचा लॉफ्ट 34 अंश आहे, त्याच कंपनीच्या टी350 मध्ये 29. पिंगच्या जी430 मध्येही 29. आयर्नचा नंबर जितका लहान, तितका लॉफ्ट कमी आणि फटका लांब. म्हणजे जुन्या हिशेबाने हातात जवळपास सहा किंवा पाच नंबरच आहे, फक्त तळाला 7 कोरलेलं. यात फसवणूक नाही. गुरुत्वमध्य खाली आणि मागे नेला की चेंडू उंच उडतो, मग लॉफ्ट थोडा कमी केलेला चालतो. पण लांबी वेगळी आणि चूक पोटात घालणं वेगळं.

चुकाही दोन तऱ्हेच्या. चेंडू टो (फेसचं बाहेरचं टोक) किंवा हीलकडे (दांड्याजवळचं टोक) लागतो, ती आडवी चूक. तिच्यावरचा इलाज जुना आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनियर असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी क्लबच्या डोक्यातलं वजन मधून काढून कडांना नेलं. 1982 साली आलेलं त्यांचं पिंग आय2 याच विचारातून घडलं. कावड खांद्यावर असलेल्या माणसाला गर्रकन वळता येत नाही, कारण भार दोन टोकांना असतो. तसंच हे डोकं चेंडू टोवर लागला तरी कमी फिरतं.

दुसरी चूक उभी, म्हणजे चेंडू फेसवर फार खाली लागणं. साधारण 18 हँडिकॅपच्या आसपास खेळणाऱ्या, म्हणजे मध्यम वकुबाच्या हौशी खेळाडूंचं जास्त नुकसान ही चूक करते, आणि जाहिरातीत तिच्याबद्दल कमी बोलतात. चेंडूचा व्यास 42.67 मिमी, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून 21 मिमी वर. पण फेस मागे कललेला असल्यामुळे तो चेंडूला मध्याच्या खाली भिडतो. टकरीच्या क्षणी लॉफ्ट 25 अंश धरला, तर ही जागा जमिनीपासून 12 मिमीच्या आसपास येते. चांगला खेळाडू चेंडूवर उतरता मारतो, त्यामुळे क्लब आणखी खाली जातो आणि चेंडू फेसवर वर लागतो. झाडू मारल्यासारखा सपाट स्विंग असणाऱ्याचा चेंडू मात्र तळाच्या दोन-तीन खाचांवरच लागतो. क्लबचा गुरुत्वमध्य त्याच्याहून बराच वर असेल तर धक्का पुरता पोचत नाही, चेंडू खालून सरपटत जातो आणि हाताला झिणझिण्या येतात. म्हणून क्लब बघताना मागच्या टंगस्टनच्या (एक जड धातू) चकचकीत तुकड्यावर भाळू नये. तळ किती रुंद आहे, वजन किती खाली आहे आणि फेसचा खालचा भाग पातळ ठेवलाय का, हे विचारावं.

तपासणी सोपी आहे. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर एक जाड उभी रेघ काढा. चेंडू असा ठेवा की रेघ फेसकडे येईल. बारा चेंडू मारा आणि प्रत्येक फटक्यानंतर फेस पुसण्याआधी ठसा बघा. कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून गेला तेवढं अंतर, लिहून ठेवा, चेंडू थांबला तिथपर्यंतचं अंतर नको. एकही फटका ‘हा धरू नका’ म्हणून वगळायचा नाही. आता सर्वात लांब आणि सर्वात आखूड फटक्यातलं अंतर काढा. एका सेटचे फटके 158 ते 128 यार्डांत विखुरले आणि दुसऱ्याचे 150 ते 136 मध्ये राहिले, तर दुसरा सेट घ्यावा. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, बहुतेकदा ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) अलीकडे असतो, आणि तुमचा आखूड फटकाच त्यात पडतो.

काही पोकळ, पातळ फेसच्या आयर्न्समध्ये उलटी खोडही दिसते. एखादा फटका कारण नसताना दहा-बारा यार्ड जास्त जातो. बारात असे दोन निघाले तर तो सेट ठेवून द्या. चेंडू ग्रीनवर किती तिरपा उतरतो हाही आकडा मागून घ्या. सातने तो 45 अंशांच्या आसपास हवा. स्विंग मंद असेल आणि आकडा 38-39 येत असेल, तर 165 यार्डांचा काही उपयोग नाही, चेंडू ग्रीनवर टिकायचाच नाही.

त्याच ठशावरून लाय अँगलही, म्हणजे दांडा जमिनीशी किती उभा किंवा आडवा आहे तेही, कळतं. रेघ खाचांना काटकोनात उमटली तर ठीक. तिचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं असेल तर क्लब जास्त उभा आहे आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाणार. हीलकडे झुकलं तर उलट. सोप्या म्हणवल्या जाणाऱ्या आयर्न्सना ऑफसेटही जास्त असतो, म्हणजे फेस शाफ्टच्या (दांड्याच्या) मागे सरकवलेला. स्लाइस करणाऱ्याला, म्हणजे ज्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो त्याला, त्याची मदत होते. ज्याचा चेंडू आधीच डावीकडे जातो, त्याला ऑफसेट आणि उभा लाय ही जोडी झाडीतच नेते. ओतीव 17-4 स्टेनलेसचं डोकं एक-दोन अंशांपलीकडे वाकवायला जाऊ नये. ते कडक असतं, तडकू शकतं. घडीव मऊ पोलाद जास्त वाकतं.

दुकानातल्या मॅटवर एक गोष्ट मात्र कळत नाही. चेंडूच्या दोन इंच मागे आपटलेला क्लब मॅटवर घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा दिसतो. पावसाळ्यात चेंबूर किंवा खारघरच्या गोल्फ मैदानावर तोच फटका चिखलात रुतला असता. रुंद तळ आणि जास्त बाउन्स (तळाचा पुढच्या कडेखाली उतरणारा फुगवटा) इथे खरा उपयोगी पडतो, क्लब जमिनीत घुसत नाही. मे महिन्यात जमीन विटेसारखी झाली की हाच तळ उसळतो, पुढची कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडे पळतो. त्यामुळे शक्य असेल तर डेमो क्लब घेऊन खऱ्या गवतावर वीसेक चेंडू मारा.

शाफ्टबद्दल थोडक्यात. 130 ग्रॅमचं टूरवाल्या व्यावसायिकांचं स्टील बहुतेकांना जड होतं. 95 ते 105 ग्रॅमचं हलकं स्टील किंवा 60 ते 80 ग्रॅमचं ग्रॅफाइट घ्यावं. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत स्टीलच्या शाफ्टला ग्रिपच्या खाली गंज धरतो, सेकंडहँड सेट घेताना तिथे नख फिरवून बघा.

सेट पक्का झाला की पिचिंग वेजचा लॉफ्ट बघायला विसरू नका. वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांसाठीचा जास्त लॉफ्टचा क्लब. अशा कमी लॉफ्टच्या सेटमध्ये तो 41 ते 43 अंश असतो. बॅगेत जुनी 56 ची सँड वेज असेल तर मध्ये तेरा ते पंधरा अंशांचं खिंडार पडतं, आणि 90 यार्डांवरून हातात नेमका क्लबच नसतो. तिथे 46-47 आणि 51-52 अशा दोन वेज लागतात. बॅगेत चौदाच क्लब चालतात, म्हणून वरून चार नंबर काढा आणि पाचच्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला, जाड डोक्याचा क्लब) घ्या. 22-23 अंशांचं पाच नंबर मंद स्विंगला पुरेसं उंच उडत नाही, मागे कितीही टंगस्टन भरलेलं असो.