अर्ध्यावर थांबलेला बेदाणा

आमारोने ही इटालियन रेड वाइन दुपारी पिऊ नये, असे जाणकार सांगतात. व्हेरोनामध्ये एका दुपारी जेवणाआधीच तिचा पेला हातात आला आणि नंतर आलेल्या जेवणाकडे माझे फारसे लक्षच गेले नाही, त्यामुळे ते बरोबर सांगत असावेत. पेल्याच्या तळाशी जेमतेम दोन घोट, गडद डाळिंबी रंग, कडेला किंचित विटकरी झाक; नाकाशी नेताच वास आला तो थेट बेदाण्याच्या शेडचा.

तासगावजवळ मामाची अशी शेड होती. द्राक्षांचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट घातलेल्या पाण्यात बुडवून काढले की सालीवरचा मेणचट थर सुटतो, मग जाळ्यांवर पसरलेल्या मण्यांतले पाणी भराभर उडते आणि पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. आम्हा पोरांना त्या तयार बेदाण्याचे विशेष कौतुक नव्हते. आमचा डोळा असे तो मधल्या दिवसांतल्या, धड द्राक्ष नाही आणि धड बेदाणाही नाही अशा मण्यांवर. साल सुरकुतलेली, पण दाताखाली आला की आतला घट्ट, चिकट रस जिभेवर पसरणारा. "अरे, कच्चा माल खाऊ नका, पोटं बिघडतील," असे मामी ओरडत असे आणि आम्ही जाळीखालून पलीकडच्या रांगेत सरकत असू.

व्हेरोनाच्या उत्तरेला, व्हाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांवर, नेमक्या त्याच अवस्थेसाठी लोक तीन-चार महिने थांबतात. कोर्विना, कोर्विनोने, रोन्दिनेल्ला या जातींचे निवडक घड शरदात तोडून हवेशीर माळ्यांवर एकेरी थरात मांडतात; पूर्वी त्यासाठी वेतकाठ्यांच्या ताट्या असत आणि त्याच ताट्यांवर रेशमाचे किडेही पोसले जात. तिथे डिपिंग नाही, सालीवरचे मेण शाबूत, म्हणून पाणी सावकाश उडते. तीन-चार महिन्यांत वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, हवेत गेलेला असतो. मग ऐन हिवाळ्यात ती द्राक्षे चिरडतात आणि रस गारठ्यात रेंगाळत आंबत राहतो. साखर जवळजवळ संपू दिली तर आमारोने, आणि आंबणे आधीच थांबले तर गोड रेचोतो. दोघींत थोरली अर्थात गोडच. सहाव्या शतकात इटलीतल्या राजदरबाराचा मंत्री कासिओदोरस याने राजाच्या पंक्तीसाठी व्हेरोनाकडची सुकवलेल्या द्राक्षांची वाइन मागवणारे पत्र लिहिले, त्यात तिची तोंड भरून स्तुती आहे. आमारोने बाजारात रुळली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

चाखताना चेरी, कोको, तंबाखू, चामडे अशी यादी म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब बसतो. माझे पाहणे एवढेच असते, की नाकाला जी गोडी कबूल झाली ती जिभेने नाकारली का. घोट गिळल्यावर मागे कडसर, कोरडी चव रेंगाळली तर ती आमारोने, नाहीतर महागडा पाक. नियमाने अल्कोहोल किमान 14 टक्के असावे लागते, प्रत्यक्षात ते बहुधा 15-16 पर्यंत जाते. म्हणूनच मे महिन्यात मुंबईच्या खोलीत ही बाटली उघडली की द्राक्षे कुठल्या कुठे जातात आणि नाकात फक्त स्पिरिट चढते. तेव्हा ती थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही, पाहुणे काहीही म्हणोत.

खरे तर, आल्प्सच्या कुशीतल्या व्हाल्तेल्लिनात नेब्बिओलो द्राक्षे अशीच सुकवून जी स्फोर्त्सातो करतात, ती मला अधिक आवडते. अंगाने सडपातळ, आंबटपणाने ताठ, आणि दुसरा पेला मागावासा वाटणारी. पण हे मत व्हेरोनात मोठ्याने बोलण्याइतके ते महत्त्वाचे नव्हे, विशेषतः पेला दुसऱ्याने भरलेला असताना.