आगरातला पंप: जेट साफ, तरी धापा चालूच

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, गुहागरच्या आगरातला पेट्रोलवर चालणारा चार स्ट्रोकचा पाण्याचा पंप अर्ध्या चोकवरच, म्हणजे इंजिनाची हवा अडवणारी झडप अर्धी लावूनच, चालतो. चोक काढला की घूंऽऽ घूंऽऽ करत आवाज खालीवर, आणि पाइपात पाणी चढायच्या आत बंद. पोफळींचं शिपणं खोळंबलं, त्यामुळे घरी माझ्या छंदावर बरंच ऐकून घ्यावं लागलं.

प्लग बदलला, फिल्टर धुतला, फरक शून्य. चोकवर सुधारतो म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. वेग पडला की गव्हर्नर (वेग सांभाळणारी यंत्रणा) रेस वाढवतो, वाढला की कमी करतो. ती धाप हीच.

पेट्रोलची तोटी बंद करून कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बाऊल, म्हणजे खालची पेट्रोलची वाटी, उतरवला. तळाशी पाण्याचे थेंब आणि पांढरी भुकटी. जूनपासून पेट्रोल आतच होतं. हल्ली त्यात 20 टक्के इथेनॉल, ते ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडची पावसाळी हवा तर काडेपेटीही पेटू देत नाही. ओल फार झाली की इथेनॉल पाण्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं, नेमकं मेन जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याच्या, तोंडाशी.

जेट उजेडासमोर धरला तर भोक बुजलेलं. वायरीतली तांब्याची एक तार घालून मोकळं केलं. (स्टीलची सुई नको. पितळ खरवडलं की भोक मोठं होतं, मग इंजिन पेट्रोल पितं.) कार्बोरेटर क्लीनर मारला, जोडला, दोरी ओढली. पुन्हा धापा!

काल परत उघडला तेव्हा ट्यूब पेटली: जेटच्या वर बसणारी बारीक पितळी नळी, इमल्शन ट्यूब, मी काढलीच नव्हती. जेट काढला की ती आपसूक पडायला हवी, पण चिकट्याने धरून ठेवली होती. कार्बोरेटर लाकडावर हलकेच आपटल्यावर सुटली. अंगावरची आडवी भोकं जवळपास सगळी बंद. तार, क्लीनर, मग सायकलच्या पंपाने हवा. फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल अडवते ती) आधीच बाजूला काढली होती, तिच्या रबरी टोकाला क्लीनर सोसत नाही. बाऊलचं गॅसकेट (कडेची रबरी रिंग) मात्र फुगून खोबणीत बसेना. रात्रभर उघडं ठेवल्यावर आक्रसलं.

आज तिसऱ्या ओढीला सुरू. चोक काढला, आवाज एकसारखा, पाणी शेवटच्या माडापर्यंत. बाऊलची कड कोरडी आहे, तरी गॅसकेट नवीन मागवलंय. बंद करताना आता तोटीच फिरवतो, बाऊल रिकामा झाला की इंजिन आपणच थांबतं.